घड्याळवाला ज्योतीराम

ज्योतीरामच्या भावकीत पुरुष माणूस अंथरुणात मरत नाही, असं चिंचवडच्या पंचक्रोशीत बोललं जाई. आजा बैलगाड्यांच्या शर्यतीनंतर पेटलेल्या मारामारीत गेला. थोरला चुलता चाकणच्या भरल्या बाजारात, कांद्याच्या वखारीसमोर भोसकला गेला. आणि बाप, कोंडाजी, स्वतःच्या विहिरीवर पडला तेव्हा ज्योतीराम शाळेला निघण्याआधी मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाय धूत होता.

विहीर दोन घरांत सामाईक होती. मोटेची पाळी एक दिवस यांची, एक दिवस त्यांची. त्या सकाळी कोंडाजी बैल घेऊन आला तर चुलतभावाने आधीच मोट जुंपलेली. आदल्या दिवशी अमावास्या होती, बैल कुणीच जुंपले नव्हते. चुलतभाऊ म्हणाला, "काल माझी पाळी बुडाली, ती आज." कोंडाजी म्हणाला, "बुडाली ती बुडाली. आज माझी." दोघांचंही खरं होतं, कारण बुडालेल्या पाळीचं काय करायचं हे दोन पिढ्यांत कुणी ठरवलंच नव्हतं. कोंडाजीने नाडा सोडायला हात घातला आणि चुलतभावाने बैलांच्या धावेच्या कडेला पडलेली कुऱ्हाड उचलली. घाव मानेत बसला. पाटाने पाणी वाहत होतं ते लाल वाहू लागलं. ज्योतीरामने बापाचं डोकं मांडीवर घेतलं, पण मान सरळ राहत नव्हती.

बापाचं तेरावं होण्याआधी धाकट्या चुलत्याने मारेकऱ्याला कासारवाडी स्टेशनवर गाठलं आणि गाडीतून उतरणाऱ्या लोकांसमक्ष कोयत्याने तोडलं. चुलता जन्मठेपेवर येरवड्याला गेला आणि तिथेच तापाने मेला. विहिरीवर मग कुणाचीच मोट चालली नाही. दोन्ही घरांची वावरं पडीक पडली.

भावकीचा हिशेब मात्र चालूच होता. त्या घरात एक मुलगा वाढत होता, या घरात ज्योतीराम. आज ना उद्या दोघांतला एक दुसऱ्याला उडवणार, हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं. ज्योतीरामची आई गोजाबाई हे सगळं ऐकून होती. एक दिवस ती भावकीच्या बैठकीत पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या पोरानं कुऱ्हाडीला हात लावला, तर त्याच विहिरीत मी उडी घेईन. मंग बसा मुडदे काढीत." दुसऱ्या दिवशी तिने पोराला माहेरी पोचवलं, भावाच्या घरी, चिंचवड गावात.

तिथे त्याला सांभाळलं मामेभावाने, बबनरावने. बबनराव त्याच्याहून मोठा, तालमीतला, दणकट. या बिनबापाच्या पोराला गावातल्या पोरांनी डिवचलं की तो एकेकाची मानगूट धरायचा. ज्योतीरामला तो स्वतःबरोबर तालमीत नेई, आखाड्याच्या कडेला बसवी आणि म्हणे, "जोत्या, तू निस्ता बग. तुझ्या वाटचं मी खेळतो." पुढे बबनराव खडकीला एका कारखान्यात साचे बांधायचं काम शिकला आणि ज्योतीराम शिष्यवृत्तीवर पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात गेला.

त्या सुमाराला मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या जमिनींना गिऱ्हाईक येऊ लागलं होतं. गोजाबाईची पडीक वावरं पुण्याच्या नानासाहेबांनी घेतली आणि तिथे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामाची फौंड्री घातली. नानासाहेब बोलायला गोड, डोक्याने तल्लख. ज्यांची जमीन घेतली त्यांच्यातला एक पोरगा इंजिनियर होतोय हे कळल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"मशिन चालवणारे खूप मिळतात," ते म्हणाले. "मला माणसं चालवणारा पाहिजे. मुंबईला आता त्याचं शास्त्र शिकवतात. परदेशातून शिकून आलेले प्राध्यापक आहेत. डिप्लोमा करा आणि माझ्याकडे या."

माणसं चालवण्याचं शास्त्र असतं, हे ज्योतीराम प्रथमच ऐकत होता. त्याने पाहिलेली माणसं एकतर शिवीने चालत किंवा काठीने.

मुंबईचा तो वर्ग लहान होता. गिरणीमालकांची मुलं होती, रेल्वेतला एक अधिकारी होता, तेल कंपनीने पाठवलेले दोघे होते. पास झाल्यावर कुणी गिरणीत लेबर ऑफिसर होणार होता, कुणी विक्री खात्यात जाणार होता, कुणी दिल्लीला पंचवार्षिक योजनेच्या कामावर. ज्योतीरामला वाटायचं, या सगळ्यांना नोकरी दिसतेय आणि आपल्याला विहीर दिसतेय. कारण प्राध्यापक फळ्यावर कारखान्याचा आराखडा काढून सांगत, "कामगार भांडतो तेव्हा त्याचा स्वभाव नंतर बघा. आधी बघा, कुठला माल कुठून येतो, कुणाची पाळी कुणानंतर येते आणि चुकली तर काय होतं, हे कुणी ठरवलंय का? जे ठरवलेलं नसतं ते माणसं हाताने ठरवतात." त्या दिवशी ज्योतीराम बाकीचं व्याख्यान ऐकूच शकला नाही.

त्याच वर्षी मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर आले होते. जानेवारीतल्या एका दुपारी ज्योतीराम गिरगावात खानावळीत जेवायला निघाला आणि जमावात सापडला. पोलीस मागे होते. जमाव धावत एका बोळात शिरला. बोळाच्या तोंडाशी कुणालाच माहीत नव्हतं की पलीकडचा दरवाजा बंद आहे. पुढचे दारावर आपटले, वळले आणि जीव घेऊन उलटे धावत सुटले. पोलिसांना वाटलं, जमाव अंगावर येतोय. गोळ्या सुटल्या. ज्योतीरामच्या शेजारी धावणारा धोतर नेसलेला एक गृहस्थ एकदम खाली बसला, दमून बसावं तसा. त्याच्या गळ्यातून रक्ताची चिळकांडी उडत होती. ज्योतीरामने तिथे तळहात दाबून धरला. बोटांच्या फटीतून ते येतच राहिलं, आणि मग यायचं थांबलं.

कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याने प्राध्यापकांना ती हकिगत सांगितली आणि विचारलं, "सर, हा आपला विषय आहे का?"

प्राध्यापक म्हणाले, "जिथे माणसं जमतात तिथे बाहेर पडायची वाट ठेवणं हे मांडणी करणाऱ्याचं काम आहे. हो, आपलाच विषय आहे."

ज्योतीराम डिप्लोमा घेऊन फौंड्रीत रुजू झाला. गोजाबाईने लगोलग त्याचं लग्न लावलं. बायको शालन खेडकडची, कमी बोलणारी, पण बोलली की मोजकं आणि टोकदार. फौंड्रीत त्याला एक खोली, टेबल आणि स्टॉपवॉच मिळालं. बबनराव तोवर तिथेच मोल्डर झाला होता आणि कामगारांत त्याचा शब्द चालत होता.

ज्योतीराम साचेखात्यात उभा राहून कोण किती वेळात काय करतो ते टिपू लागला, तेव्हा माणसं चिडली. त्यांनी त्याला घड्याळवाला म्हणायला सुरुवात केली. तो जवळ आला की कुणी मुद्दाम हळू काम करी, कुणी वाळूची पाटी त्याच्या पायावर उलटी करी. बबनराव त्यांना दटावायचा, "आरं, आपलाच हाय त्यो. शिकून आलाय. काय वंगाळ करनार न्हाई."

ज्योतीरामचं म्हणणं साधं होतं. वाळू फार लांबून आणावी लागते, ती जवळ आणा. वितळलेल्या बिडाच्या रसाची बादली दोघे जण लांब दांड्यांना धरून नेतात, त्यांच्या वाटेत तयार साचे पडलेले असतात, ती वाट मोकळी करा. बादलीवर तिसरा माणूस द्या. एवढं केलं की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघेल, आणि मग कामाचा दर, म्हणजे एका माणसाने रोज काढायच्या मालाचा आकडा, वाढवायला हरकत नाही. नानासाहेबांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्याच आठवड्यात वाढलेला दर फळ्यावर लावला. वाळू होती तिथेच राहिली. वाट तशीच राहिली.

ज्योतीराम त्यांच्या खोलीत गेला. "मी हे एकत्र सुचवलं होतं. नुसता दर वाढवला तर माणसं धावायला लागतील. हातात रस घेऊन धावतील."

"होईल हो हळूहळू," नानासाहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी शेड वाढवू तेव्हा तुमची मांडणी करू. तोवर जरा दाब राहू द्या." आणि त्यांनी दाब ठेवण्यासाठी एक मुकादम आणला.

हा मुकादम म्हणजे हिंदुराव. घाटावरचा गडी, मुंबईला एका गोदीवर हमालांना काबूत ठेवायची नोकरी करून आलेला. हातात कायम वेताची काठी. पहिल्याच दिवशी त्याने बिडी ओढत बसलेल्या माणसाच्या तोंडावर काठी मारून बिडीसकट दोन दात पाडले. लोक नानासाहेबांकडे तक्रार घेऊन गेले तर ते म्हणाले, "त्याला समज देतो." हिंदुरावची काठी चालूच राहिली.

मग व्हायचं ते झालं. मराठवाड्यातून आलेला उद्धवराव नावाचा एक कामगार जोडीदाराबरोबर रसाची बादली घेऊन चालला होता. मागून हिंदुरावने त्याच्या पोटरीवर वेत मारला. "पाय उचल." उद्धवराव घाईने सरला, वाटेतल्या साच्याला ठेचकाळला आणि बादली कलंडली. रस त्याच्या कमरेखाली गेला. त्याची किंकाळी रस्त्यापलीकडे ऐकू गेली. धोतर पेटलं, कातडी धोतराबरोबर निघाली. ज्योतीराम खोलीतून धावत आला, गोणपाट टाकून त्याला झाकायला लागला, तर उद्धवराव त्याच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, झाला का टायमात?" थट्टा नव्हती ती. त्याला खरंच कळत नव्हतं काय झालंय. पुण्याला नेईपर्यंत तो गेला.

बबनराव त्या संध्याकाळी ज्योतीरामच्या दारात आला, आत आला नाही.

"दर तू लावलास?"

"दादा, मी वाट मोकळी करा म्हटलं होतं, माणूस द्या म्हटलं होतं. त्यांनी तेवढं सोडून..."

"दर तुज्या घड्याळातनं निघाला का न्हाई? एवढंच सांग."

ज्योतीराम म्हणाला, "निघाला."

बबनराव उंबऱ्यावर थुंकला आणि निघून गेला. शालनने पाणी आणून उंबरा धुतला. धुता धुता म्हणाली, "खोटं बोलला नाहीत ते बरं झालं. पण आता त्या नोकरीत राहू नका." तो म्हणाला, "आत्ता सोडली तर मांडणी कधीच बदलणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून भट्टी थंड पडली. कामगार फाटकाबाहेर बसले. उद्धवरावच्या बायकोला काहीतरी मिळावं, हिंदुरावला काढावं, दर मागे घ्यावा, एवढंच त्यांचं मागणं. नानासाहेब भेटेनात. संप लांबला, घरची भांडी विकली जाऊ लागली, तशी माणसं करवादली. हिंदुरावने भोसरीच्या आणि कुठल्या कुठल्या तालमींतून लाठ्या फिरवणारे गडी आणून फौंड्रीत ठेवले. ते शेडमध्ये जेवत, पत्ते खेळत आणि फाटकाच्या जाळीतून संपवाल्यांच्या आयाबहिणींचा उद्धार करत.

एक दिवस निरोप आला की नानासाहेब बोलणी करायला तयार आहेत, सगळ्यांनी आत यावं. माणसं आनंदाने आत शिरली. अंगण भरलं. ज्योतीराम वरच्या खोलीच्या खिडकीत होता. नानासाहेब त्याच्या मागे उभे होते. त्यांनी खाली हिंदुरावला हात केला. पुढचं फाटक लागलं आणि त्याला साखळी पडली.

"फाटक कशाला लावता?" ज्योतीरामने विचारलं.

"पोलिसांना बोलावलंय. म्होरके पळायला नकोत. तोवर जरा धाक बसू दे."

शेडमधून हिंदुरावचे गडी लाठ्या घेऊन बाहेर पडले आणि सरळ माणसांत घुसले. पहिली लाठी बसली ती रंगरावला. हा बबनरावच्याच बाकावर काम करणारा, अबोल, पोटाच्या दुखण्याने हैराण माणूस. तो बोलणी होणार म्हणून पुढे जाऊन उभा होता. हिंदुरावने दोन्ही हातांनी लाठी उचलून त्याच्या टाळूवर घातली. रंगराव गुडघ्यांवर आला. हिंदुरावने परत घातली. ज्योतीरामने ते स्वच्छ उजेडात, वरून पाहिलं. तिसऱ्या घावाला गरज नव्हती, तरी तो घातला.

मग कुणी कुणाला ओळखेनासं झालं. कामगारांनी शेडमधून सळया, फावडी, बिडाचे तुकडे उचलले. तालमीतल्या एकाचा गुडघा फावड्याने उलटा झाला. एका कामगाराचा कान तुटून लोंबत होता आणि तो हाताने तो परत लावायचा प्रयत्न करत होता. पुढच्या फाटकाबाहेर पोलिसांची गाडी थांबली. बंदुका घेतलेले शिपाई रांगेत उभे राहिले. आतली माणसं फाटकाकडे धावली, साखळी बघून परत फिरली, परत धावली. लोखंडी फाटक त्यांच्या धक्क्याने हलायला लागलं. बाहेरून अधिकारी ओरडला, "मागे हटा, नाहीतर गोळी घालू." मागे हटायला जागाच नव्हती.

ज्योतीरामने गिरगावातला तो बोळ ओळखला. नानासाहेब त्याचा दंड धरून "कुठे चाललात?" म्हणाले, तर त्याने त्यांना असं ढकललं की ते कपाटावर आदळले. जिना उतरून तो मारामारीच्या कडेकडेने शेडमागे धावला. तिकडे रेल्वेच्या रुळांच्या बाजूला मागचं फाटक होतं, कोळसा आत घ्यायचं. त्याला कुलूप होतं. तिथेच भट्टीचं बीड फोडायचा घण पडला होता. त्याने घण उचलला. आयुष्यात त्याने असं काही उचललं नव्हतं. पहिला घाव कुलपावर बसलाच नाही, फाटकावर घणघणला. त्या आवाजाने चार-दोन माणसं वळली. त्यांत बबनराव होता. त्याला दिसलं ते एवढंच की घड्याळवाला हातात घण घेऊन फाटकाशी उभा आहे. रंगरावचं रक्त बबनरावच्या सदऱ्यावर ताजं होतं.

"वाट अडवतोस?" बबनराव गरजला आणि हातातली सळई त्याने ज्योतीरामच्या उजव्या हातावर उतरवली. मनगट मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. घण खाली पडला.

"दादा, कुलूप," ज्योतीराम म्हणाला. "कुलूप तोड."

बबनरावला उमगलं. त्याने सळई टाकली, घण उचलला आणि एका घावात कुलूप उडवलं. फाटक उघडलं. "हिकडं या, हिकडं," तो ओरडत सुटला आणि माणसं मागच्या बाजूने रुळांवर, रुळांपलीकडच्या शेतांत पांगली. पुढचा रेटा ओसरला. बाहेर शिपायांनी बंदुका उतरवल्या. गोळी सुटली नाही.

ज्योतीराम फाटकाच्या खांबाला टेकून बसला होता. तिथे त्याला हिंदुरावने गाठलं. "मालकाचं मीठ खाऊन," एवढंच म्हणाला आणि लाठीचं टोक त्याच्या तोंडावर मारलं. डावा डोळा गेला.

दवाखान्यात आधी नानासाहेब आले, मोसंबी घेऊन. "झालं ते झालं," ते म्हणाले. "कोर्टात तुम्ही सांगायचं की गर्दीत कामगारांनीच एकमेकांना मारलं. रंगराव कुणाच्या हातून गेला ते दिसलं नाही. तुम्हाला मी अंतर देणार नाही." त्यांच्यानंतर कामगारांच्या युनियनचे लोक आले. ते म्हणाले, "हिंदुरावनं रंगरावला मारलं हे तर सांगाच. आणि तुमचा हातही त्यानंच मोडला असं म्हणा. बबनरावचं नाव घेऊ नका. तुमच्या घरातला माणूस आहे."

गोजाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून सगळं ऐकत होती. भावकीतले लोकही येऊन गेले होते. त्यांचा सल्ला वेगळाच होता. कोर्टकचेरी कशाला, म्हणत होते, हिंदुराव जामिनावर सुटला की बघू, आपले कोयते काय गंजले नाहीत.

सगळे गेल्यावर ज्योतीरामने विचारलं, "आये, तू काय म्हणतेस?"

"बबन्या माझ्या भावाचा हाय," ती म्हणाली. "त्यानं तुला खांद्यावर वागवलाय. आता मी काय सांगू? तुझा बाप मेला तवा साऱ्यांनी बगितलं, अन् फौजदाराम्होरं कुनी तोंड उघडलं न्हाई. म्हनून तुझ्या चुलत्यानं कोयता घेतला. मला एवढंच ठावं हाय." आणि तिने तोंड फिरवलं.

पुण्याच्या कोर्टात ज्योतीराम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा हात गळ्यात होता आणि डोळ्यावर पट्टी. हिंदुरावने रंगरावच्या टाळूवर लाठी कशी घातली ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. फाटक लावायची खूण कुणी केली तेही सांगितलं. मागे बसलेल्या कामगारांत समाधानाची कुजबुज झाली. मग हिंदुरावचे वकील उठले.

"तुमचा डोळा माझ्या अशिलाने फोडला असं आपण म्हणता."

"हो."

"आणि हात? तोही त्यांनीच मोडला?"

बबनराव पहिल्या बाकावर बसला होता. ज्योतीरामने उरलेल्या एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. बबनरावने मान खाली घातली नाही.

"नाही," ज्योतीराम म्हणाला. "हात बबनरावने सळईने मोडला. तो माझा मामेभाऊ आहे."

वकिलांना हवं ते मिळालं, पण त्याचा त्यांना फार उपयोग झाला नाही. ज्याने घरच्या माणसाचं नाव घेतलं, त्याची बाकीची साक्ष न्यायाधीशांना खोटी वाटेना. हिंदुरावला मोठी शिक्षा झाली. नानासाहेबांवर काही शाबीत झालं नाही. त्यांनी फौंड्री एका मारवाड्याला विकली आणि ते पुण्यातच राहिले. बबनरावला दंग्याच्या वेगळ्या खटल्यात वर्षभराची सजा लागली, ती ज्योतीरामच्या शब्दावर.

त्या दिवसापासून मामाच्या घराचं दार त्याला बंद झालं. चिंचवडात बायका शालनला पाणवठ्यावर जागा देईनात. कुणी रात्रीत त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीचे कान कापून ठेवले. भावकी म्हणाली, घरचं रक्त सरकारला विकलं. कामगार म्हणाले, अखेर मालकांच्या शाळेत शिकलेला. खरं सांगायचं तर ज्योतीरामला स्वतःलाही कधी कधी तसंच वाटे. बबनराव पिंजऱ्यातून उतरताना बेडी घातलेले हात वर करून कपाळाचा घाम पुसत होता, ते त्याला राहून राहून दिसे आणि मोडलेलं मनगट ठणकायला लागे.

नोकरीसाठी तो पुष्कळ हिंडला. एका डोळ्याचा, हात वाकडा, मालकाविरुद्ध साक्ष दिलेला अधिकारी कुणाला हवा असणार? मुंबईच्या वर्गातला रेल्वेवाला मित्र म्हणाला, "तू लेबर ऑफिसर म्हणून जाऊच नको. मांडणीचा माणूस म्हणून जा." शेवटी पिंपरीत उभ्या राहणाऱ्या एका नव्या कारखान्यात भिंती चढायच्या आधीच त्याला घेतलं. नकाशा पुढे ठेवून तिथल्या व्यवस्थापकांनी विचारलं, "यात काय चुकलंय?" ज्योतीराम म्हणाला, "दारं कमी आहेत." व्यवस्थापक हसले, पण त्याने दाखवलेल्या जागी त्यांनी दारं ठेवली. डाव्या हाताने लिहायला तो तिथेच शिकला. रविवारी पुण्याला जाऊन मुकादमांना आणि फोरमनांना तो हेच शास्त्र मराठीत शिकवू लागला. इंग्रजी शब्द कमी वापरायचा. वर्गात कुणी म्हणालं की काठीशिवाय माणूस चालत नाही, तर तो वाद घालायचा नाही. काठी कुठे संपते ते सांगायचा, उद्धवरावच्या आणि रंगरावच्या नावासकट.

बबनराव सुटून आला तो थेट त्याच्या घरी. भर दुपार होती. गोजाबाई अंगणात डाळ निवडत होती. ज्योतीराम सुट्टी म्हणून ओसरीवर बसला होता. बबनरावचे केस पांढरे झाले होते, अंग वाळलं होतं. शालनने त्याला दाराशी पाहिलं आणि ती नवऱ्याच्या आडवी उभी राहिली.

"बाजूला हो वैनी," बबनराव म्हणाला.

"नाही होत."

"शालन, हो बाजूला," ज्योतीराम म्हणाला आणि उठून उभा राहिला.

बबनरावने त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तो ओसरीवरून खाली अंगणात पडला, सूपभर डाळ सांडली. गोजाबाई उठली नाही. ज्योतीरामच्या ओठातून रक्त येत होतं. तो उठून पुन्हा बबनरावसमोर उभा राहिला. बबनरावने हात परत उचलला. हात तसाच वर राहिला, थरथरायला लागला, आणि मग खाली आला.

"कोर्टात खरं बोललास," तो म्हणाला. "तुरुंगात लई इचार केला. तुझ्या जागी मी असतो तर खोटं बोललो असतो. त्याचाच राग हाय."

"दादा, मला दुसरं काही जमलं नसतं."

"ठावं हाय. म्हनून तर एकच मारली."

गोजाबाई म्हणाली, "झालं असंल तर डाळ गोळा करा दोघं बी." आणि दोघे खाली बसून मातीतून डाळ वेचू लागले. एकाचा हात वाकडा, दुसऱ्याचा थरथरता, त्यामुळे वेळ लागत होता. शालन आत गेली आणि तिने चुलीवर भाकरीचा तवा टाकला.

बबनराव पुन्हा फौंड्रीत गेला नाही. साचे बांधायला हात स्थिर लागतात, ते त्याचे राहिले नव्हते. पिंपरीच्या कारखान्यात ज्योतीरामने त्याच्यासाठी शब्द टाकावा असं गोजाबाईला वाटत होतं. ज्योतीरामने अर्ज करायला सांगितलं, बाकीच्यांबरोबर रांगेत उभं केलं, आणि निवड दुसऱ्या अधिकाऱ्याने केली. बबनरावला मालाच्या कोठारात काम मिळालं. दोघे रोज एकाच रस्त्याने सायकलवर जात, पुढेमागे, फारसं न बोलता.